टोपलीतला उपाशी नाग

कोवळं ऊन अजून पुरतं पसरलंही नव्हतं, तरी फकिराबाबाच्या टोपलीभोवती माणसांचं कडं पडलं होतं. हरसूलकडच्या डोंगरातला हा चाळीस घरांचा पाडा. साल दोन हजार एक. बाबाचा पाळलेला नाग बावीस दिवस उपाशी होता. बेडूक सोडा, अंडं ठेवा, तोंड उघडायला तयार नाही.

"देवानं उपास धरलाय!" बाबा गरजला. "डाकीण शिवेवर हाय तवर त्यो अन्नाला शिवायचा नाय. मी नाय बोलत, माझ्या मुखातून त्यो बोलतोय!"

नाग बावीस दिवस मुका होता. त्याच्या वतीने बाबाच्या तोंडाला मात्र उसंत नव्हती.

डाकीण कोण, तेही नागानेच दाखवलं होतं. चार दिवसांपूर्वी पाड्यातली एकेक बाई टोपलीपुढे बसली. चांगुणाची पाळी आली आणि नागाने फणा काढला. चांगुणा ही पाड्यातल्याच सहादू या तरुण शेतकऱ्याची विधवा आत्या. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. बाबाचा अंगारा नाकारून तिने शेजारणीच्या ताप आलेल्या मुलीला सरकारी दवाखान्यात नेलं, एवढाच तिचा अपराध. लोकांनी तिला दगड मारत शिवेवरच्या खोपीत हाकललं. सहादूने दगड उचलला नाही, पण तो आडवाही गेला नाही. देव खोटं कसं दाखवेल, असं त्याला वाटलं होतं.

"आज दुपारी खोप पेटवा," बाबाने फर्मावलं.

त्याच सकाळी जनावरांच्या डॉक्टर संध्या मॅडम पाड्यावर लस टोचायला आल्या होत्या. आपला बैल धरून उभ्या असलेल्या सहादूने हळूच विचारलं, "मॅडम, पाळलेला साप खात नसला, तर काय करायचं?"

"घाबरायचं नाही. थंडीत साप महिना महिना खात नाही. कात टाकायची असली तरी खात नाही. जबरदस्तीनं भरवायचं तर मुळीच नाही. पण आधी तोंड बघायचं, जखम आहे का. कुणाचा साप?"

सहादूने सगळं सांगितलं. मॅडमनी सुई खाली ठेवली.

त्यांना टोपलीकडे येताना पाहून बाबा किंचाळला, "बाईमाणसानं देवाला हात लावला तर रक्त ओकंल!"

"ओकले तर तुमचंच खरं ठरेल," मॅडम म्हणाल्या आणि टोपलीपुढे बसल्या. त्यांनी मूठ वळून डावीकडे-उजवीकडे हलवली. नाग फणा काढून मुठीबरोबर डोलू लागला.

"बघा, मीही डाकीण! साप हलत्या वस्तूवर फणा काढतो. चांगुणाबाई बसल्या, तेव्हा बाबांचा हात कुठे होता?"

"घोंगडीखाली," कुसाबाई नावाची म्हातारी पुटपुटली. "हलत व्हता. मला वाटलं, जप चाललाय."

मॅडमनी काठीने नागाची मान दाबली, सराईतपणे डोकं धरलं आणि वर उचललं. "सहादू, जवळ या. काय दिसतंय?"

सहादू वाकला. ओठांच्या कडेला काळा दोरा होता, टाके पू येऊन सुजले होते.

"तोंड शिवलंय!" तो ओरडला. "आरं, ह्याचं तोंड शिवलंय! खाईल कसा?"

मॅडमनी कात्रीने दोरा कापला. आत विषाचे दातही उपटलेले होते. बाबा सटकू पाहत होता. दगड मारणाऱ्या हातांनीच त्याला धरलं. दुपारी वनखात्याच्या माणसांनी बाबाला आणि नागाला नेलं. तिसऱ्या दिवशी नाग मेल्याचं कळलं.

बाबाला धरल्यावर लगेच सहादू खोपीकडे धावत गेला होता. चांगुणाच्या कपाळावरची जखम चिघळली होती. तिने सगळं शांतपणे ऐकलं.

"सापाला बघाया डाक्टर आली," ती म्हणाली. "मला इचाराया कोन आलं व्हतं? तू बी नाय आला."

सहादू तिचे पाय धरून रडला. ती दवाखान्यात त्याच्याबरोबर आली, पण पाड्यात परतली नाही. बहिणीकडे पेठला राहिली.

पुढच्या ग्रामसभेत सहादू पहिल्यांदाच उठून बोलला. "उद्या कोनी बाईकडं बोट दाखवलं, तर तिच्या अंगावर धावू नका. बोट दाखवनाऱ्याला धरा आन् इचारा, तुला कसं कळलं? त्यानं सांगितलं त्ये आपल्या डोळ्यांनी तपासा. मी चार दिवस इचारलं नाय. एवढ्यात मानूस मरतं."

सभेत कोणी वर पाहिलं नाही.