पाय धुण्याचा रविवार

मावशींचा नेम चुकला नव्हता. नोकरी गेली, चारचौघांतला मान गेला, पण रात्रीच्या स्वयंपाकाआधी हात पुसून त्या गुडघ्यांवर बसत आणि तीन प्रार्थना करत. पहिली घरच्यांसाठी. दुसरी इस्पितळातल्या सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांसाठी. तिसरी तिथल्याच नर्ससाठी, सिस्टरसाठी.

"त्या बयेसाठी?" नणंद दारातूनच विचारायची. नणंद थोरली, विधवा, जिभेला हाड नसलेली. "तुझ्या अन्नात माती कालवली तिनं, आणि तू तिच्यासाठी देवापुढे गुडघे झिजव."

"नेम आहे, वन्सं."

"मनापासून करतेस का तरी?"

"नाही."

"म्हणजे देवालाच फसवतेस!"

"त्याला कसली फसवते. रोज सांगतेच त्याला, आजही काही वाटलं नाही म्हणून."

मावशी बावीस वर्षं इस्पितळात आया होत्या. तिथं आयांना सगळेच मावशी म्हणतात. ते नाव मग चर्चमध्येही पोचलं. नवरा होता तोवर तोसुद्धा लोकांसमोर मावशीच म्हणायचा, आणि मग घरी आल्यावर बायकोला काय हाक मारायची याची त्याची पंचाईत व्हायची.

चौदा महिन्यांपूर्वी, भर दुपारी, सिस्टरनी आजोबांचं बीपी बघायला पलंगाचा कठडा खाली केला. तेवढ्यात फोन वाजला. त्या गेल्या, कठडा तसाच राहिला. आजोबा कूस बदलताना खाली पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मावशी पलीकडच्या कोपऱ्यात चादर बदलत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. पण सिस्टरनी लिहून दिलं की कठडा मावशींनी उघडा टाकला. लिहिलेलं खरं ठरलं, बोललेलं वाऱ्यावर गेलं. आजोबांचा मुलगा भर व्हरांड्यात ओरडला, "तुझे हात झडोत!" महिन्याभरात आजोबा गेल्याचं मावशींना लोकांकडून कळलं.

हात काही झडले नाहीत. फक्त त्या दिवसापासून मावशींच्या मनाला काही लागेनासं झालं. भाचीच्या लग्नात त्या फोटोपुरत्या हसल्या. शेजारीण गळ्यात पडून रडली, तेव्हा त्या तिच्या खांद्यावरून गॅसकडे बघत राहिल्या, दूध उतू जातंय का म्हणून.

सिस्टर मावशींच्याच चर्चच्या मंडळीतल्या. पुढून तिसरा बाक. त्यांच्या मंडळीत दर तीन महिन्यांनी प्रभुभोजाआधी, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरस वाटण्याआधी, माणसं जोडीजोडीनं एकमेकांचे पाय धुतात. नोकरी गेल्यापासून मावशी शेवटच्या बाकावर बसत आणि भाकरीचं ताट समोरून जाऊ देत. त्या ताटासाठी जीव तुटायला हवा होता. तोही तुटत नव्हता. एवढंच कळत होतं की मनात नसलेली क्षमा तोंडानं म्हणून तिथं हात घालायचा नाही.

या खेपेला पाळकसाहेब स्वतः बाकाशी आले. "मावशी, आज तुमची जोडी सिस्टरबरोबर लावलीय. फार दिवस झाले. सोडून द्या आता."

"सोडायला हातात काही असावं लागतं, पाळकसाहेब. माझ्या हाताला काहीच लागत नाही."

पाळकांनी पुढे ठेवलेल्या टबाकडे बोट केलं. "पाय तरी धुवाल?"

"पाय धुवीन. तेच तर काम होतं माझं."

मावशींनी टबातल्या पाण्यात कोपर बुडवून बघितलं, वॉर्डात बघायच्या तसं. सिस्टर खुर्चीवर मान खाली घालून बसल्या होत्या. उजवा मोजा काढताना अंगठ्यापाशी चिकटला. मावशींनी तो भिजवून सोडवला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती. कडा पांढऱ्या, मध्ये काळं.

मावशींनी तो पाय धुतला. टिपला. मांडीवरून खाली ठेवला आणि डावा घेतला.

बोटांच्या बेचक्या, टाच, घोटा. हात आपोआप चालत होते. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? देवाला. त्याला तर सगळंच कळत होतं, चौदा महिने. मावशींना आपल्या रागाची भीती वाटली असती तर बरं झालं असतं. राग नव्हताच. आत एक रिकामी खोली होती आणि तिथून त्या त्या जखमेकडे बघत होत्या.

डावा पाय टिपून झाला. मग त्यांनी उजवा पुन्हा उचलला.

"सिस्टर, हे कधीपासून?"

"काय?"

मावशींनी जखमेच्या कडेला बोट दाबलं. "दुखतं?"

"नाही."

"आता?"

"नाही. काय करताय तुम्ही?" सिस्टरनी वाकून पाय वळवून बघितला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "मला शुगर आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांचे पाय रोज बघते मी."

"दुखलं असतं तर पहिल्याच दिवशी बघितलं असतंत. न दुखणारीच वाईट."

"मावशी, तुम्ही गप्प बसला असतात तर..."

"बसले होते. डावा पाय धुवून होईपर्यंत."

सिस्टरनी उजवा मोजा उचलून हातात घेतला. मग अगदी हळू म्हणाल्या, "कठडा मी खाली केला होता."

"मला काय सांगता? मी तिथंच होते." मावशींनी टॉवेल पिळला. "जिथं लिहिलंत तिथं सांगा."

"नोकरी जाईल."

"माझी गेली. जाते." त्यांचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "आज आधी पाय दाखवा. अंगठ्याला उद्याची वाट बघायला लावू नका."

ताट फिरू लागलं. वाढणारे गृहस्थ सवयीनं मावशींना ओलांडून पुढे निघाले आणि थबकले. मावशींच्या शेजारी, हातात एक मोजा धरून, सिस्टर बसल्या होत्या. सिस्टरनी नकाराची मान हलवली. "आधी सांगून येते," त्या म्हणाल्या. शेवटच्या बाकावरून ताट तसंच परत गेलं.

गुरुवारी इस्पितळातल्या जुन्या आयेचा फोन आला. सिस्टरनी मेट्रनबाईंना सगळं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. आजोबांच्या मुलालाही कळवलं होतं. मेट्रनबाईंनी मावशींना भेटायला बोलावलं होतं. आणि हो, सिस्टरचा अंगठा वाचला होता.

नणंद पदर खोचून उभी राहिली. "जा आता ताठ मानेनं! आणि त्या मेट्रनला विचार, तेव्हा डोळे काय गहाण ठेवले होते?"

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि उरलेली भाजी निवडली.

मग हात पुसून त्या गुडघ्यांवर बसल्या. घरच्यांची प्रार्थना झाली. आजोबांची सुरू केली. आजोबा रोज अंग पुसताना म्हणायचे, "मावशी, पाणी गार." वाफा निघत असल्या तरी, "गार." पडले तेव्हा त्यांनी हाक मारली होती, "मावशी!" त्या धावल्या होत्या, पण कुणीतरी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं होतं. हात पुढे केलेला तसाच राहिला होता.

बरगड्यांखाली काहीतरी फाटल्यासारखं झालं. मावशी कपाळ जमिनीला टेकवून वाकल्या. तोंडातून आवाज निघाला तो त्यांना स्वतःलाच ओळखता आला नाही.

नणंद धावत आली. "अगं, काय झालं? कुठं दुखतंय?"

मावशींनी रुग्ण दाखवतो तसा हात ठेवून दाखवलं. "इथं."

"डॉक्टरला बोलावू?"

"नको." त्यांचा चेहरा भिजला होता. "थांबा, वन्सं. अजून सिस्टर राहिल्यात."