ओल्या पट्ट्यांचं वजन

मित्रांनो, मी एक जुना खुर्चीचा वजनकाटा आहे. एका चाकाने लंगडा, पण खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही! भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात माझी अकरा वर्षं गेली.

एकदा नऊ वर्षांची एक मुलगी आली. उकळत्या पाण्याने पाठ आणि पाय भाजलेले. सगळे तिला चिमणी म्हणायचे. पहिल्या दिवशी, पट्ट्या बांधायच्या आधी, माझ्यावर ती तेवीस किलो भरली.

एवढं भाजलं की शरीर आतून पेटतं. खाल्लेलं पुरत नाही, मग ते स्वतःचंच मांस जाळत सुटतं. आई घास घास भरवायची, तरी चिमणीच्या हातांच्या काड्या झाल्या. पाठीवर लावायला मांडीची कातडी घेतली होती. आणखी हवी होती, पण मांडीच भरून येईना. आणि माझा आकडा? तेवीसच! "वजन टिकलंय," असं डॉक्टर म्हणायचे, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका सकाळी मोठ्या सिस्टरांनी तिच्या काढलेल्या ओल्या पट्ट्या बादलीत न टाकता माझ्यावर ठेवल्या.

"अडीच किलो! अहो डॉक्टर, आपण पोरीला तोलत होतो की पट्ट्यांना?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "चुकलंच माझं, सिस्टर."

एवढा मोठा माणूस, पण चूक कबूल केली. वा रे वा! त्याच दिवशी त्यांनी आईला समजावलं, "मुलं ज्याने वाढतात, ते संप्रेरक रोज टोचू. ते मांस बांधतं. सगळ्यांना चालत नाही. साखर वाढवतं, म्हणून डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल."

सिस्टर दिवसातून कितीदा तरी बोट टोचायच्या. चिमणी म्हणायची, "माझी बोटं संपली की तुमची घ्या!"

साखर चढली, औषधाने आवरली. हळूहळू मांडी भरली, पाठीला कातडी मिळाली. आता पट्ट्या वेगळ्या तोलायचे. एकवीस, बावीस... अन् एके दिवशी चिमणी आईचा हात धरून, चालत माझ्यापाशी आली.

"सिस्टर, आज पट्टी नाही. सगळी मीच आहे!"

चोवीस भरली. आईला रडू आवरेना.

मित्रांनो, आता नवा काटा येतोय. मला खुशाल भंगारात काढा, माझी तक्रार नाही. पण त्याचा आकडा बघून खूश होण्याआधी एकदा पोरीचे हात बघत जा.