मागची सीट

आमच्या ह्यांनी, म्हणजे भीमरावांनी, मस्कतात दोन गोष्टी जीव लावून सांभाळल्या. एक ऑफिसातले एसीचे मोठे चिलर, आणि दुसरी शंभर सीसीची म्हातारी मोटरसायकल. चिलर कधी कुरकुरले नाहीत. मोटरसायकलने मात्र अख्ख्या बिल्डिंगचं डोकं खाल्लं.

ती घेतली निझव्याच्या सादिकभाईंकडून. ते मूळचे दापोलीचे, पण निझव्याच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्यांचं दुकान. गुडघे दुखायला लागले म्हणून त्यांनी गाडी दिली, आणि देताना बजावलं, "भीमराव, इंजिन चांगलं गरम झाल्याशिवाय रेसच्या स्क्रूला हात लावू नका हां."

हे हसले. "सादिकभाई, ओमानमध्ये थंड काय आहे?"

झालं. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, आमची सगळी घुब्रा वस्ती जेवून आडवी झाली की हे खाली. उन्हात उभ्या गाडीच्या इंजिनाला बोट लावायचं, चटका बसला की "गरमच आहे" म्हणायचं आणि किक मारायची. गाडी फुर्र करून बंद पडायची. मग स्क्रू फिरवून रेस वाढवायची, ती स्टँडवर चालू ठेवायची आणि मला बोलवायला वर यायचं. मी ओढणी पिनेने लावून, पाण्याची बाटली भरून खाली जाईपर्यंत गाडी बोंबलत असायची. हे धावत जाऊन रेस कमी करणार, म्हणजे पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा बंद पडणार, की पुन्हा रेस वाढणार. आणि म्हणे इंजिनिअर! कार्बोरेटरच भंगार आहे म्हणून तो कितीदा तरी उघडून धुतला. माझे जुने टूथब्रश सगळे त्यात गेले.

गेल्या शुक्रवारी आमचे अर्बाब, घरमालक नुमानसाहेब, स्वतः पार्किंगमध्ये आले. त्यांची म्हातारी आई तळमजल्यावर राहते आणि तिची खिडकी बरोबर गाडीच्या समोर. आवाज न चढवता ते म्हणाले, "भीमराव, माँ सो नहीं पाती. अगले जुम्मे भी ऐसा हुआ तो बाइक इधर नहीं रहेगी. खलास."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. रात्री जेवताना हे मान खाली घालून म्हणाले, "सादिकभाईंना सांगतो, परत घेऊन जा म्हणून."

मी सुटले, असं मला वाटायला हवं होतं. पण तसं वाटेना. घरात कार आहे, गारेगार आहे, पण कारमध्ये बसलं की ह्यांचा साइटचा फोन सुरू होतो. मोटरसायकलवर फोन नाही. अझैब्याच्या समुद्रापर्यंत मी मागच्या सीटवरून ह्यांच्या कानाशी ओरडत असते. लेकीच्या मार्कांचं, नागपूरच्या नणंदेचं, गुडघ्यात भरलेल्या कळेचं. आणि हे ऐकतात, पळून जाणार कुठे? आठवड्यातला तेवढाच नवरा माझ्या वाट्याला येतो. हे मी त्यांना कधी बोलले नाही. फार शेफारतात.

तो शुक्रवार उजाडला. दुपारी मी चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं. ह्यांना कुठला दम धरवतोय? "लवकर कर ना. नळाचं पाणी गरमच आहे, टाक पावडर."

माझं डोकं सटकलं. "उन्हाने टाकी तापली म्हणून नळाच्या पाण्यात चहा होतो का? हाताला चटका बसणं वेगळं आणि उकळणं वेगळं! एवढी वर्षं इथे राहून तेवढंही कळत नाही?"

 हे पातेल्याकडे बघत राहिले. मला वाटलं, लागलं बहुतेक, उगाच बोलले. तेवढ्यात एकदम म्हणाले, "प्रमिला, गॅस बंद कर. चल."

"अहो, चहा?"

"येऊन पिऊ. यल्ला!"

खाली येऊन त्यांनी किकला पायच लावला नाही. गाडी ढकलत कंपाउंडबाहेर काढली, मागून मी ढकलतेय, ऊन डोक्यावर मी म्हणतंय. पार मागच्या मोकळ्या मैदानापर्यंत नेली. तिथे त्यांनी हँडलजवळची, थंड इंजिन चालू करायला असते ती चोकची दांडी ओढली. ती इतकी जाम झालेली की रुमाल गुंडाळून ओढावी लागली. "या उन्हात चोक कशाला, असं म्हणायचो मी. पण उन्हाचा चटका वेगळा, इंजिन आतून थंडच," ते म्हणाले आणि कान पकडले. एका किकमध्ये गाडी चालू झाली. जरा वेळाने चोक आत ढकलला, पण स्क्रूला हात लावला नाही.

स्क्रू फिरवला तो थेट अझैब्याला, समुद्रासमोर. तिथे पोचेपर्यंत इंजिन खरोखर तापलं होतं आणि गेल्या शुक्रवारी वाढवलेली रेस तशीच असल्याने गाडी नेहमीसारखी बोंबलत होती. ह्यांनी उकिडवं बसून स्क्रू हळूहळू मागे घेतला. बोंब उतरली, मग गुरगुर, मग नुसती टुकटुक. आता बंद पडते की काय असं वाटलं तेव्हा किंचित पुढे घेतला आणि हात काढून माझ्याकडे असे बघायला लागले, की मला लग्नातला फोटो आठवला.

परत आलो तेव्हा उन्हं उतरली होती. गाडी स्टँडवर लावून आम्ही हेल्मेट काढतोय तोच नुमानसाहेब आईच्या दारातून बाहेर आले, मागे वॉचमन रमण. 

"दोपहर को आवाज नहीं आया," नुमानसाहेब म्हणाले. "बंद पड़ गई क्या? चालू करो, देखूँ."

भीमराव गाडीकडे बघून नम्रपणे म्हणाले, "साहब, चालूच आहे."

मराठीत! पण नुमानसाहेबांना कळलं. ते वाकले, सायलेन्सरसमोर तळवा धरला, आणि दाढीतल्या दाढीत हसले. वर एसीच्या पेट्या त्याहून मोठ्याने घरघरत होत्या. खिडकीचा पडदा जागचा हलला नाही. "खलास," म्हणत ते आत गेले.

ह्यांनी किल्लीला हात घातला. मी तो धरला.

"राहू द्या हो जरा," मी म्हटलं. आणि पुन्हा मागच्या सीटवर जाऊन बसले.