एकोणचाळीस की सदतीस?

वयाची उदाहरणं शिकवायची म्हटलं की माझं डोकं फिरतं. किल्लारीत आमच्या ओसरीवर नववीच्या पोरींची शिकवणी चालते, आणि दारात आमची माय, साखराबाई, तुरीची डाळ निवडत बसते. हात सुपात, कान फळ्याकडं.

माझी थोरली बहीण भूकंपात गेली. सात वर्षांची होती. दोन वर्षांनी मी झाले. मायनं मला तिचंच नाव ठेवलं, सिंधु, आणि गावभर सांगितलं, माझी सिंधु परत आली. "जुन्या घरी लिंबाखाली खेळायचीस, आठवतं का गं?" असं विचारते मला. मी जुनं घर पाहिलंसुद्धा नाही. पण खरं सांगते, आता ते लिंबाचं झाड मला आठवायलंय, आणि मला भ्या वाटतं.

माझं वय तीस. माय सांगते सदतीस. थोरलीची सात, माझी तीस. मागच्या आठवड्यात मला बघायला आलेल्या औशाच्या पाहुण्यांनाही तेच सांगितलं. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. लग्नाचं मरू द्या हो! मायनं एकदा तरी म्हणावं, मला दोन लेकी झाल्या. एवढंच पाहिजे मला.

म्हणून त्या दिवशी मुद्दाम फळ्यावर लिहिलं : थोरली धाकटीपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. दोघींच्या वयांची बेरीज एकोणसत्तर. वयं काढा.

आरती उठली. माझी हुशार पोरगी. "धाकटीचं वय क्ष मानू. थोरलीचं क्ष अधिक नऊ. बेरीज केली, दोन क्ष अधिक नऊ बरोबर एकोणसत्तर. नऊ वजा केले, दोन क्ष बरोबर साठ. क्ष बरोबर तीस. म्हणून थोरली एकोणचाळीस."

"सदतीस," दारातून माय म्हणाली.

पोरी खुदकन हसल्या.

"माय, गप बस बरं!"

"सदतीसच हाय. आई मी हाय का तू?"

आरतीनं बिचारीनं पुन्हा ताळा करून पाहिला. "आज्जी, दोन वर्षं कमी पडतात."

मायचा हात थांबला. "ती मी मोजली न्हाईत. तवा घरात सिंधु नव्हती."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि काय सांगू, आनंदही झाला. खडू टाकून मी तिच्यापुढं जाऊन बसले.

"नव्हती ना? म्हणजे ती गेली ना, माय?"

"हाव, गेली," माय म्हणाली. "मीच उचलली दगडाखालून." डोळ्याला पदर लावून ती लई वेळ रडली. मग माझ्याकडं बघत राहिली.

"मग तू कोन गं, बाई?"

"मी तिच्या पाठची. तुझी धाकटी लेक."

"दोघी व्हय." तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, पहिल्यांदाच बघत असल्यागत. "नाव काय तुझं?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याजवळ तिच्या नावाशिवाय दुसरं नावच नव्हतं.