दुकानदाराचा आवाज

आजोबांनी तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली. थांब्याचं नाव असं पुकारायचे की झोपलेला उतारू दचकून उठावा. निवृत्तीनंतर घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून ते एका गेमच्या कंपनीत आवाज द्यायला गेले. कंपनीला गेममधल्या दुकानदारासाठी त्यांच्यासारखाच, परमुलखातून आलेला काळासावळा माणूस हवा होता.

आजोबांनी वाक्यं सरळ, स्वच्छ म्हटली. विसाव्या खेपेला कंटाळून, साउंडवाल्याला हसवायला म्हणून, त्यांनी आपल्या थोरल्या भावाची नक्कल केली, "शाब, तू घेते ना! मी स्वस्त देते!" भाऊ इथे नवा आला तेव्हा असाच बोलायचा आणि घरचे पोट धरून हसायचे. काचेपलीकडे दिग्दर्शकही हसला. सगळी वाक्यं त्याच ढंगात म्हणवून घेतली, आधीची फेकली.

गेम घरोघरी पोचला. परवा नातीने शाळेतून आल्या आल्या दप्तर आपटलं.

"मला पाहिलं की पोरं ओरडतात, शाब, तू घेते ना! तो दुकानदार भेटू दे आजोबा, गळाच दाबते त्याचा."

तो आवाज आपला आहे, हे आजोबांनी तिला कधी सांगितलं नव्हतं.

गेमच्या दुसऱ्या भागासाठी बोलावणं आलं तसे ते गेले, पण माइकसमोर बसेनात. "या वेळी तो नीट बोलेल," म्हणाले.

"काका, हा उपहास आहे," दिग्दर्शक म्हणाला. "आम्ही सगळ्यांचीच टर उडवतो. गेममधल्या राजाचीसुद्धा."

"राजाला आजारी आई आहे, भांडकुदळ बायको आहे, दोनशे वाक्यं आहेत. मूर्ख असला तरी माणूस आहे तो. माझ्या दुकानदाराला काय? सात वाक्यं आणि लाथ बसल्यावरचं केकाटणं!"

"लोकांना तोच आवडतो हो."

"मग मी चाललो. शोधा दुसरा."

"दुसरा कशाला? तुमची वाक्यं आहेतच आमच्याकडे. ती पुन्हा वापरायला सही केलीत ना तुम्ही?"

साउंडवाल्याने मान खाली घातली. आजोबांचे हात शिवशिवले, पण उगारणार कुणावर? जीभ आपलीच होती.

घरी येऊन त्यांनी नातीला सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना, म्हणून ते वाक्य म्हणून दाखवलं. ती हसली नाही.

"उद्या शाळेत न्यायला या," म्हणाली. "त्या पोरांसमोर बोला. पण नीट बोला."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी आजोबा इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. पोरं जमली.

"तो दुकानदार मीच आहे," ते म्हणाले. "पण मी तसा बोलत नाही. आमच्यातलं कुणीच तसं..."

"हाच तो! हाच तो!" पोरं उड्या मारू लागली. "एकदा म्हणा ना, शाब!"

नातीने त्यांचा हात घट्ट धरला. आजोबांनी छाती भरून श्वास घेतला आणि जुन्या कंडक्टरच्या आवाजात, एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत म्हणाले, "बाजूला व्हा. आम्हाला घरी जायचं आहे."

पोरं पोट धरून हसली.