वाल्तोरची मुलगी

राकेलने फोनवर एकच अट घातली होती. अंत्यविधी ताइस्तो लेह्मुसविर्ता यांचा होईल, वाल्तोरचा नाही.

"म्हणजे काय?" पलीकडून योआकिमने विचारलं होतं.

"म्हणजे तलवारी नकोत, झगे नकोत आणि ते नाव नको. या, कॉफी प्या, जा."

योआकिम एका व्हिडिओ गेमचा दिग्दर्शक. 'राखेची वेस' या गेममध्ये वाल्तोर नावाचा एक लोहार आहे. बर्फात टाकून दिलेलं एक पोर त्याला सापडतं, आणि ते पोर म्हणजे गेम खेळणारा स्वतः. वाल्तोर त्याला वाढवतो, तलवार धरायला शिकवतो, खांद्यावर बसवून गोठलेलं तळं पार करतो. शेवटी पोर निसटावं म्हणून वेशीत एकटा उभा राहून शत्रूला थोपवतो आणि तिथेच मरतो. वाल्तोरचा आवाज राकेलच्या वडिलांचा, ताइस्तो यांचा होता. शहरातल्या नाट्यगृहात जन्मभर निरोप्याची नाहीतर शेजाऱ्याची कामं केलेल्या त्या माणसाला सत्तरीला टेकताना अचानक हजारो मुलं झाली. कुठल्या कुठल्या देशांतून कार्डं यायची. 'मला बाप नव्हता, तुम्ही होतात.' इर्मेली, त्यांची दुसरी बायको, ती कार्डं फ्रिजवर चिकटवायची.

राकेलला बाप होता. तिने तो गेम कधी उघडला नव्हता.

मार्च उजाडला तरी कुओपिओ शहरातलं तळं अजून पांढरंच होतं. चर्चमध्ये माणसं जाड कोट काढून मांडीवर घेऊन बसली होती. शवपेटी समोर होती. एकेकाने उठायचं, पेटीशी फुलं ठेवायची, रिबिनीवर लिहिलेलं मोठ्याने वाचायचं, मग पहिल्या बाकावरच्या घरच्यांकडे वळून मान लववायची. त्या दोन ओळींसाठी लोक आठवडाभर डोकं खाजवतात. सगळं चर्च ऐकत असतं.

पहिली इर्मेली गेली. तिने चार ओळींची कविता वाचली आणि तिसऱ्या ओळीला तिचा आवाज फुटला. मग राकेल उठली. पांढरी लिलीची फुलं पेटीपाशी ठेवून तिने रिबीन सरळ केली.

"बाबांना. राकेल."

ती बाकावर परतली तेव्हा इर्मेलीने ओठ न हलवता विचारलं, "एवढंच?"

"नाव बरोबर आहे ना?"

"लोकांना काय वाटेल?"

"लोक वाल्तोरसाठी आलेत. त्यांना काही वाटणार नाही."

हिल्का आत्या, बाबांची थोरली बहीण, तेवढ्यात कोणाचा तरी हात धरून पेटीपाशी पोचली. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतो हेही कळत नाही. "ताइस्तो," ती ओरडली, "तू माझी घसरगाडी मोडलीस ते मी विसरले नाही." सगळ्या सकाळीत राकेलला पटलेलं हे पहिलं वाक्य.

योआकिम गेमवाल्यांचा घोळका घेऊन सर्वांत शेवटी उठला. झगे नव्हते, तलवारी नव्हत्या. त्याने भलंमोठं पुष्पचक्र ठेवलं आणि वाचलं, "वेस आता आम्ही राखू, बाबा. तुमची मुलं."

नाव घेतलं नव्हतं, पण अर्ध्या चर्चला हुंदका आला. शेवटच्या बाकावर एक दांडगा, दाढीवाला माणूस बसला होता. त्याला घरातलं कोणी ओळखत नव्हतं. तो तर मोठ्याने रडायला लागला. योआकिमने इर्मेलीसमोर मान लववली, मग राकेलसमोर. राकेलची मान जागची हलली नाही.

"अट मोडली नाही मी," तो हळूच म्हणाला.

"नाही. वळसा घातलात."

दफन झालं. मग सगळे चर्चमागच्या हॉलमध्ये गेले. सॅल्मनचं सूप झालं, कॉफी आली, सँडविचचा खारा केक कापला गेला. लांबच्या नातेवाइकांचे निरोप वाचून झाले तशी इर्मेली उठली. बाबांच्या फोटोशेजारी, मेणबत्तीला लागून, एक काळा स्पीकर ठेवलेला होता. राकेलच्या तो आत्ता लक्षात आला.

"आता आपण ताइस्तोचाच आवाज ऐकू या," इर्मेली म्हणाली.

राकेलने कप खाली ठेवला. "हे ठरलं नव्हतं."

"माझ्याशी ठरलं होतं. नवरा माझा होता."

"बाप माझा होता."

"मग यायचं होतंस कधीतरी. गेल्या उन्हाळ्यात रोज खिडकीशी बसून असायचा तो."

"माझी वाट बघत?"

इर्मेली थांबली. बाई तशी खोटं बोलणारी नव्हती. "नाही. पक्षी बघत. पण तू यायचं होतंस."

योआकिमने लॅपटॉपवर बोट टेकवलं. हॉल आवाजाने भरून गेला.

'रडू नकोस, लेका. वेस माझी, वाट तुझी. मागे बघू नकोस. तू चालत राहा, म्हणजे मी जिंकलो.'

आवाज बाबांचाच होता. ती ऊब मात्र राकेलने जन्मात ऐकली नव्हती. तिला आठवलं ते तळं. ती आठ वर्षांची होती. तळ्याच्या मधोमध तिच्या स्कीचा पट्टा तुटला आणि ती बसकण मारून पडली. बाबा पुढे निघून गेले होते, वाऱ्यात हलणारा काळा ठिपका. ठिपका एकदा वळला आणि ओरडला, "पोरी, ऊठ!" आणि पुढे चालू लागला. ती स्की उचलून, पाय ओढत काठाला पोचली तेव्हा बाबा खोपीत कॉफी पीत बसले होते. त्यांनी तिच्यापुढे कप सरकवला. त्या दिवसाबद्दल पुढे कधी अवाक्षर निघालं नाही. आणि गेममध्ये म्हणे तो पोराला खांद्यावर घेतो.

ती उठली, टेबलापाशी गेली आणि तिने स्पीकरची वायर उपटली.

एका बशीत चमचा वाजला.

"राकेल, लोक बघतायत," योआकिम म्हणाला.

"हा माझा बाप नाही. ही तुम्ही लिहिलेली वाक्यं आहेत."

"लिहिली मी. बोलले ते. मनात असल्याशिवाय माणूस असं बोलत नाही."

"नट होता तो. एका नाताळात त्याने बदकाचं काम केलं होतं. मनात बदक होतं का?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यात लपवलं. योआकिमचे कान लाल झाले. एवढा वेळ जपलेलं 'तुम्ही' त्याच्या तोंडून गळून पडलं.

"तुला खरं ऐकायचंय? ऐक मग. खेळणारा मुलगा असतो नाहीतर मुलगी. म्हणून अशी वाक्यं दोनदा बोलून घ्यायची असतात. एकदा 'लेका' म्हणून, एकदा 'पोरी' म्हणून. मुलाचं म्हाताऱ्याने एका दमात दिलं. स्टुडिओच्या काचेपलीकडे आम्ही रडत होतो. मुलीचं दिवसभर जमलं नाही. दर वेळी खेकसल्यासारखं. मी म्हटलं, प्रेमाने बोला. तर म्हणे, प्रेमानेच बोलतोय. शेवटी विचारलं, घरी मुलीशी कसं बोलता? म्हणाला, असंच."

बोलून झाल्यावर तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, बाण कुठे लागला ते शोधत.

"योआकिम, पुरे," इर्मेली म्हणाली.

"पुरे कशाला?" राकेल म्हणाली. "मग काय केलंत?"

"काय करणार? मुलाचंच वापरलं. 'लेका' कापलं आणि तिथे 'पोरी' जोडलं. आजवर एकालाही कळलेलं नाही."

"तो 'पोरी' कुठून आणला?"

"त्या बिघडलेल्यातलाच एक. त्यातल्या त्यात मऊ निवडला."

"लावा."

"काय?"

"मुलीचं लावा. मी मुलगी आहे."

"इथे तमाशा नकोय," इर्मेली कुजबुजली.

"तमाशा तुम्ही मांडलात. मी फक्त जागेवर बसून बघणार आहे." आणि राकेलने खुर्ची ओढून खरोखरच स्पीकरसमोर बसकण मारली.

योआकिमने वायर जोडली. त्याने शोधाशोध केली, मग आवाज आला.

'रडू नकोस, पोरी. वेस माझी, वाट तुझी...'

मऊ भातात खडा लागावा तसा तो शब्द लागला. आधी घशातली ती कोरडी खरखर, मग नाकाने ओढलेला श्वास आणि गोठलेल्या तळ्यावरून हाक यावी तसा लांबवर फेकलेला तो शब्द. पुढे लगेच पुन्हा तो मऊ भात. दाढीवाला परत रडायला लागला होता. हॉलमध्ये कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. मऊ तर तो शब्द कुठूनच नव्हता.

"पुन्हा," राकेल म्हणाली.

पुन्हा झालं.

"आता पुढचं नको. वेस, वाट, ते सगळं काढा."

"अर्धंच वाक्य?"

"पुढचं तुमच्या मुलांना राहू दे. आणि ते 'रडू नकोस' पण काढा. तेही माझं नाही."

योआकिमने इर्मेलीकडे पाहिलं. इर्मेली मेणबत्तीकडे बघत होती. तो नाइलाजाने लॅपटॉपवर वाकला, त्याने मागचं कापलं, पुढचं कापलं, आणि उरलेलं लावलं.

'पोरी!'

कोपऱ्यात हिल्का आत्याच्या हातातली कॉफी बशीत सांडली. "अगं बाई, ताइस्तो!" ती दाराकडे वळून ओरडली, उशिरा आलेला माणूस बूट झटकत आत यावा तसं. दारात कोणी नव्हतं.

इर्मेलीला वाटलं, पोरगी शेवटी विरघळली. तिने पाठीमागून येऊन राकेलच्या खांद्यावर हात ठेवला. राकेलने खांदा काढून घेतला.

"बंद करा आता," ती खेकसली, घशातल्या त्याच कोरड्या खरखरीने. "कॉफी गार होतेय."

कोपऱ्यातली आत्या पुन्हा दचकली आणि दाराकडे बघायला लागली.