गळ्यावरचा हात

'कामगारांच्या प्रतिनिधीला बोलण्याची पुरेशी संधी देण्यात आली,' असं लिहून तुम्ही मोकळे झालात. हे धादांत खोटं आहे. समितीच्या खुर्च्यांवर बसलेल्या तुम्ही तिघांनी ते मिळून लिहिलंत.

गिरणीच्या विणकाम खात्यात त्याला सगळे वकील म्हणत. शिक्षण बेताचं, पण जेवणाच्या सुट्टीत कुणाची बाजू घेऊन उभा राहिला की समोरच्याची बोलती बंद. माग सुरू झाले की तिथे कानठळ्या बसतात, आवाज काढून उपयोग नसतो. लोक नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. थट्टा, शिव्या, पोरीच्या लग्नाची बोलणी, सगळं बिनआवाजी. त्यातच उभा जन्म गेला आणि वकिलाचे कानही गेले. त्याच्यासारखे आणखी होते. मग तुमचा हुकूम निघाला, की ज्यांना ऐकू येत नाही त्यांना यंत्राजवळ धोका, त्यांना घरी पाठवा. कान खाणाऱ्या मागांना कुणी काही विचारलं नाही.

सुनावणीत वकिलानं बोलायचं ठरलं. मागांच्या मधल्या बोळात उभं राहून त्यानं भाषण बसवलं. समोर सूत भरणारा म्हातारा त्याचे ओठ वाचत होता, डोळे पुसत होता.

"वकीलसाहेब, दगडालाही पाझर फुटेल," म्हातारा ओठांनीच म्हणाला.

"दगड नाहीत ते, साहेब आहेत."

घरी बायकोला म्हणून दाखवलं. तिची विळी थांबली. त्याला दिसेल असं तोंड वर करून ती म्हणाली, "अहो, नुसते ओठ हलताहेत. आवाज कुठाय?"

"बोलतोय की."

"सुरुवातीला बोलता. रंगात आलात की मागावर जाता." तिनं त्याचा हात उचलून त्याच्याच गळ्यावर ठेवला. "इथं थरथरलं तर आवाज आहे. हात काढायचा नाही."

"गळा धरून बोलू? म्हणतील, बायकोनं धरलाय."

"म्हणू देत. खोटं कुठाय?"

सुनावणीच्या दिवशी तिला दारातच अडवलं. फक्त संबंधित कामगार आत. म्हणजे ज्यांना ऐकू येत नव्हतं तेवढेच.

बोलायची जागा भिंतीशी होती. तिथून सगळ्यांना त्याचं तोंड दिसत होतं. गळ्यावर हात ठेवून त्यानं सुरुवात केली. "साहेब, आम्ही जन्मतः बहिरे नव्हतो." बोटांखाली थरथर होती. तेवढ्यात तुमचा कारकून आला. एका हातात माइक दिला, दुसऱ्या हातात डॉक्टरांचा अहवाल. गळ्यावरचा हात निघाला. कागद खाली ठेवावा तर साहेबांना उर्मटपणा वाटायचा. त्यानं तो धरून ठेवला आणि बोलत राहिला.

नात पहिल्यांदा 'आजोबा' म्हणाली ते आपण नुसतं ओठांवर पाहिलं, हे त्यानं सांगितलं. गोदामात कापडाच्या घड्या घालायला ठेवा, पण घरी बसवू नका, असं विनवलं. पलीकडे म्हातारा रडायला लागला, बाकीचे माना हलवू लागले. ते पाहून वकिलाला चेव आला. त्यानं काळीज काढून ठेवलं.

नुसते ओठ हलत होते, माइकमधून काहीच येत नव्हतं. तुमच्यातल्या एकानं घड्याळ पाहिलं, एक पाणी प्यायला, आणि मधल्यानं शेवटी हात जोडून 'धन्यवाद' म्हटलं.

तो बाहेर आला तो छाती काढून.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"गप्प झाले बघ सगळे. एकाला तोंड उघडता आलं नाही."

तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं. अहवाल अजून मुठीत होता. "आणि हात कुठं होता तुमचा?"

तो वळला, दारावर थापा मारू लागला. शिपायानं दार किलकिलं केलं, मान हलवली आणि लावून घेतलं. सुनावणी संपली होती. वकील तिथेच उभा राहिला, गळ्यावर हात ठेवून. आता बोटांखाली थरथरत होतं, पण समोर नुसतं दार होतं.

त्या खोलीत ऐकू येणारे कान तुमचेच होते. माणूस तोंड हलवतोय, पलीकडे माणसं रडताहेत आणि आवाज नाही, हे फक्त तुम्हालाच कळत होतं. 'आवाज येत नाही, जरा मोठ्यानं बोला,' एवढं तिघांपैकी एकाच्याही तोंडून का निघालं नाही? उत्तर द्या. लेखी नको. त्याच्यासमोर येऊन उभे राहा आणि त्याला दिसेल असे ओठ हलवून सांगा.